खडकाला भेगा पाडून जमिनीतील उष्णता : आपल्या धंद्याला उपयोग किती?

आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावच्या कड्यावर उभे राहिले की काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. हा लाव्हारस थंड होऊन बनलेला बेसाल्ट. या डोंगरातला हिरडा चामडे कमावण्याच्या धंद्यात वापरला जातो. कड्याखाली कोकण सुरू होते. तेथे भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी येथे याच जातीच्या खडकाच्या भेगांतून ऊन पाणी वर येते. सरपण-कोळशाच्या खर्चाने बेजार झालेल्या कारागिराला साहजिकच वाटते, ही उष्णता आपल्या कामी येईल काय?

उष्णता सर्वत्र आहे. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. अडचण आहे ती वाटेची. खोलवरचा खडक घट्ट असल्याने त्यातून पाणी फिरत नाही.

ती वाट करण्याची पद्धत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कमी पाण्याच्या बोअरवेलचा एक भाग रबरी बुचाने बंद करून मोठ्या दाबाने पाणी सोडतात व बुजलेल्या भेगा मोकळ्या करतात. उष्णतेसाठी हेच काम फार खोलवर होते. एका बोअरमधून थंड पाणी सोडायचे; ते भेगांतून तापत जाऊन दुसऱ्या बोअरमधून वर येते.

अमेरिकेत फेंटन हिल येथे 1970 च्या दशकात हा प्रयोग सुरू झाला. आता बोअर खोलवर आडवी वळवतात, टप्प्याटप्प्याने भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. या रीतीने 2023 मध्ये फर्व्हो कंपनीने नेवाडात महिनाभराची चाचणी घेतली. सेकंदाला सुमारे 63 लिटर पाणी फिरले. त्यातून साडेतीन मेगावॅट वीज होऊ शकते, असे दिसले.

धोकाही ध्यानात घ्यावा. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे 2006 मध्ये अशा कामामुळे 3.4 तीव्रतेचा भूकंप झाला व पुढे प्रकल्प बंद पडला. दक्षिण कोरियात पोहांगला 2017 मध्ये 5.4 तीव्रतेचा धक्का बसून मोठे नुकसान झाले. 1967 चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्राने हे विसरून चालणार नाही.

आता हिशेब. विजेसाठी साधारण 150 अंशांहून अधिक उष्णता हवी, म्हणजे आपल्याकडे कित्येक किलोमीटर खोल बोअर. तो खर्च सरकारने वा बड्या कंपनीने करावयाचा आहे. पण सुती कापडाच्या रंगाईला बहुधा 60 ते 80 अंशांचे पाणी पुरते. माल सुकवायला त्याहून कमीही चालते. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे येथील झऱ्याचे पाणी सुमारे 70 अंशांचे आहे. तेव्हा आपला पहिला फायदा झऱ्यांजवळच्या सामाईक रंगाई वा सुकवणी केंद्रात आहे. तेथे खडक फोडण्याचीही गरज नाही.

म्हणून कोणी ‘जमिनीतून फुकट वीज’ म्हणून भांडवल मागू लागला, तर आधी तीन गोष्टी विचारा : बोअर किती खोल, तेथे मोजलेले तापमान किती, आणि भूकंपमापनाची व्यवस्था कोणाची? उत्तरे कागदावर मिळेपर्यंत पैसा गल्ल्यातच राहू द्या.