अभ्यासिका की घर?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास घरी करावा की अभ्यासिकेत?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, इतरांच्या सान्निध्यात मनाची उत्तेजितता वाढते आणि त्यामुळे सरावातले काम अधिक सफाईने होते, तर नवे व अवघड काम अडखळते; यांपैकी पहिल्या परिणामाला ‘सामाजिक सुकरण’ म्हणतात. म्हणून राज्यघटनेतील पाठ झालेल्या कलमांची उजळणी किंवा घड्याळ लावून सोडवायच्या सराव प्रश्नपत्रिका यांसाठी अभ्यासिका सोयीची ठरते, परंतु अर्थशास्त्रातील प्रथमच हाती घेतलेल्या संकल्पनेसाठी एकांत बरा. अर्थात, प्रत्येकाची प्रकृती निराळी असल्याने, सारख्याच काठिण्यपातळीच्या प्रश्नपत्रिका दोन्ही ठिकाणी सोडवून पाहाव्यात आणि बैठकीच्या तासांपेक्षा बरोबर आलेल्या उत्तरांवरून जागा ठरवावी.