रेग्युलेटर निवडताना आधी झोपेचा हिशेब

मातीतला ओलावा मोजून दर अर्ध्या तासाला लोरा रेडिओवरून आकडा घरी पाठवणारी एक पेटी द्राक्षबागेत बसवायची आहे, असं धरू. आत एटीमेगा ३२८पी ही चिप, लोरा मॉड्यूल, ओलाव्याचा सेन्सर आणि २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० लिथियम सेल. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि संपत आला की ३ व्होल्टपर्यंत उतरतो. लोरा मॉड्यूलला मात्र ३.७ व्होल्टच्या वर चालत नाही. म्हणजे मधे रेग्युलेटर हवाच. तो कोणता, यावर पेटी तीन आठवडे चालणार की काही वर्षं, हे ठरतं.

सुरुवात दुकानातून नको, कागदावरून करा. सर्किट जागं असताना किती करंट घेतं, किती सेकंद जागं राहतं आणि झोपेत किती घेतं, हे तीन आकडे लिहा. आपली पेटी अर्ध्या तासातून दोन सेकंद जागी राहते आणि तेवढ्या वेळात सरासरी ४० मिलिअँपिअर घेते. ते १८०० सेकंदांवर पसरलं की झाले साधारण ४४ मायक्रोअँपिअर. झोपेतले ५ धरा. एकूण ५०च्या आसपास. या हिशेबाने सेल कागदावर पाच वर्षांहून जास्त पुरतो. प्रत्यक्षात सेल आपोआपही उतरतो, त्यामुळे थोडं कमीच धरा.

आता रेग्युलेटरच्या जागी एएमएस १११७ लावून बघा. बहुतेक तयार मॉड्यूलवर हाच असतो. स्वस्त आहे, कुठेही मिळतो आणि भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या सर्किटला उत्तमही आहे. पण काहीही काम नसताना तो स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास पितो. पेटीच्या सरासरी गरजेच्या शंभरपट! पाच वर्षांचा सेल वीस-एकवीस दिवसांत रिकामा. जुना ७८०५ही याच पंगतीतला. त्याला तर आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त इनपुट लागतं, म्हणजे एका लिथियम सेलवर त्याचा उपयोगच नाही.

म्हणून डेटाशीट उघडली की पहिल्या पानावरच्या ‘कमाल करंट’कडे आधी जाऊ नका. क्वायसंट करंटची, म्हणजे रेग्युलेटर स्वतःच पितो त्या करंटची ओळ शोधा. एमसीपी १७०० मध्ये तो १.६ मायक्रोअँपिअर आहे, एचटी ७३३३ मध्ये ४. दोघंही २५० मिलिअँपिअरपर्यंत देतात, आपल्या पेटीला भरपूर झालं. इनपुटची मर्यादा मात्र वेगळी: एमसीपी १७०० ला ६ व्होल्ट, एचटी ७३३३ ला १२. नावाला ६ व्होल्टचं सोलर पॅनेल उन्हात विनाभार ७ व्होल्टच्या आसपास जातं, ते एमसीपी १७०० वर थेट जोडू नका.

दुसरी ओळ ड्रॉपआउटची, म्हणजे आउटपुटपेक्षा इनपुट किमान किती जास्त हवं याची. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर घेतला तर सेल ३.५च्या खाली आल्यावर नियमन सुटू लागतं आणि रेडिओच्या झटक्याला व्होल्टेज डगमगतं. माझा सल्ला, याच मालिकेतला ३ व्होल्टचा भाग घ्या. चिप ८ मेगाहर्ट्झवर आणि रेडिओ, दोन्ही ३ व्होल्टवर निवांत चालतात आणि सेलमधला शेवटचा भागही वापरता येतो. फक्त तुमचा सेन्सर ३ व्होल्टवर बरोबर मोजतो का, ते आधी तपासा.

शेतावर १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आधीच असेल, तर बहुतेकांचा हात एलएम २५९६ च्या बक मॉड्यूलकडे जातो, कारण स्विचिंग म्हणजे कार्यक्षम असं डोक्यात बसलेलं असतं. भरपूर भार असेल तर ते खरंच. पण तोही भाराशिवाय ५ मिलिअँपिअरच्या घरात घेतो. जवळजवळ सगळा वेळ झोपणाऱ्या सर्किटला एचटी ७५३३ सारखा साधा लिनियर परवडतो: २.५ मायक्रोअँपिअर आणि २४ व्होल्टपर्यंत इनपुट. तो १०० मिलिअँपिअरच देतो, तेव्हा रेडिओची पॉवर कमी ठेवा. इथे एचटी ७३३३ नको, चार्ज होताना ही बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते.

एटीमेगाऐवजी ईएसपी ३२ वापरत असाल तर गणित बदलतं. वायफायच्या झटक्यांसाठी निर्माताच किमान ५०० मिलिअँपिअरची सोय सांगतो. तिथे एपी २११२ घ्या: ६०० मिलिअँपिअर देतो, स्वतः ५५ मायक्रोअँपिअर घेतो.

कपॅसिटर डेटाशीटप्रमाणेच लावा. सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता व्होल्टेजखाली घटते, म्हणून लिथियम सेलवरच्या पेटीत १६ व्होल्टचा घ्या. रेडिओजवळ १०० मायक्रोफॅरड वेगळा ठेवा.

बुधवार पेठेतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला भाग बोर्डवर सोल्डर करण्याआधी तपासून घ्या. भार न जोडता इनपुटच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. अस्सल एचटी ७३३३ असेल तर ४ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. व्होल्टांत आकडा आला, तर तो भाग दुकानदाराला परत करा.

शेवटी सगळा बोर्ड झोपवून हीच मोजणी करा, फक्त सर्किट सुरू होऊन झोपी जाईपर्यंत रेझिस्टरवर जंपर ठेवा, नाहीतर चिप उठायच्या आतच रीसेट होईल. आकडा हिशेबापेक्षा मोठा आला तर आधी पॉवर एलईडी काढा, तो एकटाच मिलिअँपिअरभर खातो. मग बॅटरी मोजायला लावलेले दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर बघा: ४.२ व्होल्टवर त्यांतून २१ मायक्रोअँपिअर अखंड वाहतात, म्हणजे एमसीपी १७०० च्या तेरापट. तिथे १ मेगाओहमचे रेझिस्टर लावा आणि मोजायच्या पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.