टेबलावरची लढाई : शत्रू मित्र कसे होतात?



दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे आपण दरवर्षी मांडतो. इंग्लंडमध्ये मोठी माणसेही असे छोटे सैनिक स्वतः रंगवून टेबलावर लढाया खेळतात. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे त्या खेळाच्या नियमांचे पुस्तकच काढले. त्याच्या तोफा स्प्रिंगच्या होत्या. आता बहुधा फासे आणि मोजपट्टी वापरतात, आणि सैनिक जेमतेम ३ सेंटिमीटर उंच असतो. आठवीच्या मुलांबरोबर आम्ही हा खेळ करून पाहिला.

आधी रंगकाम. प्लास्टिकचा सैनिक साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा, नाहीतर रंग धरत नाही. मग राखाडी अस्तर. त्यावर ॲक्रिलिक रंग पातळ करून दोन हात द्या. आम्ही घाईने एकच जाड हात दिला आणि बिचाऱ्या शिपायाचे नाक-डोळे बुजून गेले. मुले अजून हसतात. शेवटी अगदी पातळ तपकिरी रंग सोडा. तो कपड्यांच्या घड्यांत उतरून सावली धरतो. घरी जुने शिशाचे सैनिक असतील तर पालकांनी ते लहानांच्या हाती देऊ नयेत.

खरी अडचण पुढेच आली. सगळ्यांना मराठे व्हायचे होते, इंग्रज कुणीच होईना. तेव्हा आम्ही फळ्यावर १७८० लिहिले.

म्हैसूरच्या हैदर अलीशी मराठ्यांच्या कितीतरी लढाया झालेल्या. १७७१ मध्ये मोती तलावापाशी त्यांनी त्याचा मोठा पराभव केला होता. निजामाशी तर जुनेच वैर. तरीही १७८० मध्ये नाना फडणविसांनी या दोघांना इंग्रजांविरुद्ध आपल्या बाजूला घेतले. इंग्रजांच्या बाजूला कोण? पेशव्यांच्याच घरातले रघुनाथराव! आणि आपल्या ग्वाल्हेरजवळच्या गोहदचे राणा. त्यांच्या मदतीने कॅप्टन पॉफमने ऑगस्ट १७८० मध्ये आपला किल्ला शिंद्यांकडून घेतला. हा किल्ला मुले रोज पाहतात, पण ही गोष्ट वर्गात एकालाही ठाऊक नव्हती.

मैत्री टिकली किती? गुंटूर परत देऊन इंग्रजांनी निजामाला बाजूला काढले. १७८२ मध्ये इथून जवळच सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला. पुढे इंग्रजांनी राणांना वाऱ्यावर सोडले, आणि महादजींनी किल्ला परत घेतला.

मग नियम ठरला : युती कोणतीही जुळवा, पण चिठ्ठीवर लिहायचे की प्रत्येकाला भीती कशाची, हवे काय, आणि साथ केव्हा सुटेल.

एका विश्वस्तांनी आम्हाला विचारले, शाळेत लढाई कशाला? प्रश्न योग्य आहे. पण त्या तासाला फासे दोनदाच पडले, बाकी वेळ बोलणीच चालली होती. गोहद घेतलेल्या मुलीने लिहिले, ‘इंग्रज गेले की माझे काय? म्हणून राणा आजच महादजींना गुपचूप निरोप धाडतात.’ मुले ओरडली, ‘इतिहासात असे नाही!’ आम्ही म्हटले, खेळात चालेल, पण किंमत सांगा. ती म्हणाली, किल्ला तुमचा, गोहद माझे. महादजी झालेल्या मुलाने विचार करायला शनिवारपर्यंत मुदत मागितली आहे. तोवर लाल डगल्यांचे बारा शिपाई रंगवायचे आहेत. ज्यांच्याकडे बारीक ब्रश असेल त्यांनी आणावा.