चष्मा घालवायचा खर्च : रामपायली ते नागपूर

रामपायलीहून मायनसचा नंबर काढायला निघालं, की नागपूरच जवळ पडतं. रायपूर, जबलपूर लांब. फोनवर दवाखाना जो आकडा सांगतो तो एका डोळ्याचा की दोन्ही डोळ्यांचा, हे आधी विचारा. अर्धी फसगत तिथेच टळते.

दोन्ही डोळ्यांचे भाव साधारण असे. ब्लेडने पापुद्रा उचलून केलेलं साधं लॅसिक, किंवा पापुद्रा न करता वरची साल खरवडून केलेलं पीआरके, ३० ते ५० हजार. पापुद्राही लेसरनेच कापणारं फेम्टो लॅसिक ६० ते ९० हजार. बारीक चिरेतून आतली चकती ओढून काढणारं स्माइल ९० हजारांपासून दीड लाखापर्यंत. शहर आणि मशीन पाहून हे आकडे हलतात. महागडं ते चांगलंच, असं मात्र धरू नका. कोणाच्या डोळ्याला काय चालेल, हे खिसा ठरवत नाही, पारपटलाची जाडी ठरवते.

पारपटल म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, डॉक्टर जिला कॉर्निया म्हणतात. तिची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. हिशेब घरीसुद्धा मांडता येतो. समजा जाडी ५२० मायक्रॉन निघाली, म्हणजे मिलिमीटरचे ५२० हजारावे भाग. नंबर मायनस ५. एका नंबरामागे लेसर जवळपास १५ मायक्रॉन खातो, म्हणजे ७५ गेले. पापुद्र्याचे ११० वजा करा. खाली ३३५ उरले. २५० च्या खाली जायचं नाही हा जुना दंडक. सावध डॉक्टर ३०० धरतात. आता नंबर ९ असेल तर १३५ जातात आणि उरतात २७५. अशा वेळी सर्जन ‘नको’ म्हणाला तर त्याच्यावर रुसू नका, त्याचे आभार माना.

म्हणून तपासणीचे दीड ते तीन हजार वाचवू नका. तिच्यात पारपटलाचा नकाशा निघतो. काहींचं पारपटल मुळातच कमजोर असतं आणि हळूहळू शंकूसारखं पुढे येतं. त्याला केराटोकोनस म्हणतात. अशा डोळ्यावर लेसर मारला तर दुखणं वाढतं. सतत डोळे चोळायची सवय असेल तर ती डॉक्टरला न लाजता सांगा. तपासणीआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवायच्या, नाहीतर माप चुकतं. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे त्या दिवशी मोटरसायकल स्वतः हाकायची नाही. वय १८ च्या पुढे हवं आणि नंबर निदान वर्षभर थांबलेला हवा. बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबावं.

ऑपरेशन जेमतेम अर्ध्या तासाचं, पण जखम भरायला तेवढा वेळ पुरत नाही. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणून तर ते पारदर्शक आहे आणि म्हणूनच आतून सावकाश भरतं. वरची साल मात्र चपळ असते. पीआरकेनंतर चार-पाच दिवसांत ती पुन्हा येते. तोवर डोळ्यावर पट्टीऐवजी लेन्स असते आणि पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच चुरचुरतो. लॅसिकमध्ये दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसतं आणि माणूस फसतो, कारण पापुद्र्याची कड जुळते पण मधला भाग पूर्वीसारखा पक्का कधीच होत नाही. जोराचा मार बसला तर पापुद्रा कित्येक वर्षांनंतरही सरकू शकतो. कबड्डी खेळणाऱ्या पोट्ट्याला म्हणूनच बहुधा पीआरके सुचवतात. कापल्या गेलेल्या बारीक नसा परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर डोळे कोरडे पडतात आणि कृत्रिम अश्रूंची बाटली संपत राहते. पहिल्या महिन्याच्या औषधांचे दोन हजार वेगळे धरा. त्यातले स्टेरॉइडचे थेंब मनाने वाढवायचे नाहीत, डोळ्यातला दाब चढतो.

आता आपल्याकडची गोष्ट. कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेची धूळ, धानाच्या चुरणीचा भुसा, रोवणीतलं गढूळ पाणी आणि चंदन नदीतली डुबकी, हे सगळं ताज्या जखमेचं वैरी. पीआरकेवाल्याने कडक उन्हालाही जपायचं, नाहीतर पारपटलावर धुरकट छटा येऊ शकते. माझ्या मते चुरणी आटोपली की पौष-माघात जावं. ऑपरेशननंतर दोन रात्री नागपुरातच काढाव्यात, कारण दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नसते. मग आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी. पहिली तपासणी धरून पाच फेऱ्या झाल्या. दोघांच्या जाण्यायेण्याला आणि खाण्याला फेरीमागे हजार धरले, तरी पाच हजार आणि बुडालेली मजुरी. पॅकेजमध्ये या तपासण्या आहेत का आणि थोडा नंबर उरला तर दुसऱ्यांदा लेसर फुकट की पैसे देऊन, हे लिहून घ्या.

विम्यावर विसंबू नका. साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा हा खर्च आरोग्य विम्याच्या नेहमीच्या अटींतच वगळलेला असतो. भरतीसाठी करणार असाल तर आधी जाहिरात नीट वाचा. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या जागेला लॅसिक झालेला उमेदवार चालतच नाही. ५० हजार घालून नोकरीच हातची जायची!

पैसे वाचतील म्हणून लेसर करणं हा तर चुकीचा हिशेब. दोन वर्षांतून एकदा दोन हजारांचा चष्मा घेतला, तर वीस वर्षांचे वीस हजार होतात. शिवाय चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच. मायनस अडीच-तीनचा माणूस तेव्हा चष्मा काढून पोथी वाचतो. लेसरवाल्याची ती सोय गेलेली असते. चष्म्याचा खरोखर जाच होत असेल, जाडी पुरेशी असेल आणि पैसे कर्जाचे नसतील, तर जरूर करा.

एक काम मात्र विसरू नका. ऑपरेशनपूर्वीचा नंबर, पारपटलाची गोलाई आणि जाडी यांचे कागद मागून घ्या. म्हातारपणी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लेसर झालेला डोळा यंत्राला चकवतो, तेव्हा हेच जुने आकडे डॉक्टरच्या कामी येतात. ती फाईल जमिनीच्या ऋणपुस्तिकेसोबत पेटीत ठेवा.