खोलीआधी सातबारा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दोन्हीकडून वाढतो. कारखान्यांत कामाला आलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या, उत्तरेकडच्या कुटुंबांची मुलं येतात, आणि शिक्षक चांगले लाभले तर इंग्रजी शाळेत गेलेली गावातली मुलंही परततात. आमच्याकडे हे दोन्ही घडलं. एक वर्ग व्हरांड्यात आणि एक मारुतीच्या सभामंडपात भरू लागला. त्या काळात मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते.

खोल्यांसाठी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझा अनुभव असा, की पैसे उभे राहतात. यात्रेचा खर्च आवरून गावाने लोकवर्गणी काढली. एका कंपनीने सीएसआरमधून दोन खोल्या बांधून द्यायची तयारी दाखवली. मग तिच्या वकिलांनी जागेचा सातबारा मागितला, आणि तिथे सगळं अडलं. उताऱ्यावर शाळेचं नावच नव्हतं.

जमीन गावातल्या एका आजोबांनी फार पूर्वी तोंडी शब्दावर दिली होती. त्यांच्या दातृत्वाबद्दल गावात कुणाच्या मनात शंका नव्हती. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय पुरं होत नाही. आजोबा वारलेले, वारस चार गावांत पांगलेले, लेकींचाही हिस्सा. त्यात या भागातले जमिनीचे भाव! कुणी सही द्यायला वेळ घेतला तर त्याला दोष तरी काय द्यायचा? सह्या जमेपर्यंत मार्च उलटला. कंपनीने तो निधी त्याच वर्षी दुसऱ्या गावाच्या शाळेला दिला. आमची पहिलीची मुलं आणखी एक पावसाळा सभामंडपात, ओल आलेल्या फरशीवर बसली. त्यांचं ते वर्ष कुणीच भरून देऊ शकत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : पट वाढायची चिन्हं दिसली, की देणगीदार शोधण्याआधी जागेचे कागद काढा. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडून सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. दाता हयात असेल तर जिल्हा परिषदेच्या नावे बक्षीसपत्र आजच करा आणि फेरफार होईपर्यंत पाठ सोडू नका. जुनी खोली पाडायची असेल तर निर्लेखनाची मंजुरी लागते आणि तिला वेळ जातो. बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रकही आधीच करून ठेवा.

खोल्या किती हव्यात, हे कायद्यातून मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली. पण शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात आणि तिथे ३० सप्टेंबरचा पट बघतात. परगावाहून आलेल्या मुलांच्या आधारमध्ये चूक राहिली, तर मूल वर्गात असूनही हिशेबात धरलं जात नाही. जूनमध्येच पालकांना सोबत घेऊन त्या दुरुस्त्या करा, नाहीतर खोली बांधून होईल आणि शिकवायला शिक्षक नसेल.

गर्दी वाढली की बैठकीत कुणीतरी सुचवतंच, की वर्गणी देणाऱ्यालाच प्रवेश द्यावा. तिथेच ठामपणे नाही म्हणा. कायद्याच्या कलम १३ नुसार ती कॅपिटेशन फी ठरू शकते आणि घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराचं मूल त्याने दारातच अडतं.

देणगीदाराला खोलीवर नावाची पाटी लावायला आवडतं, मुलींच्या स्वच्छतागृहासाठी मात्र फारसं कुणी पुढे येत नाही. पुढच्या खेपेला खोल्या झाल्या तेव्हा लोकवर्गणीचा पहिला रुपया आम्ही तिथे लावला. नळ, पाण्याची टाकी, कडी लागणारं दार आणि रोजच्या सफाईचा वर्षभराचा खर्च, एवढं त्या वर्गणीत बसलं.