बसतं म्हणून चालतं असं नाही : काडतुसातल्या प्रायमरचा धडा



नववीच्या वर्गात परवा एका मुलाने विचारलं, "सर, अमेरिकेत लोक घरी बसून काडतुसं भरतात, ते खरं का?" त्याने व्हिडिओ पाहिला होता. "असलं काही बघू नकोस" म्हणणं सोपं होतं. पण उत्तर दिलं नाही तर मूल ते दुसरीकडे शोधतं. म्हणून त्यातल्या सर्वांत लहान भागावर, प्रायमरवर, आम्ही एक तास घालवला. तोच तास इथे मांडतो.

प्रायमर म्हणजे काय?

दिवाळीत मुलं टिकल्या फोडतात. टिकलीला ठिणगी लागत नाही, ठोका लागतो. प्रायमरचंही तसंच. पितळी पुंगळीच्या बुडाशी बसणारी ही छोटी धातूची वाटी. तिच्यात ठोक्याने पेटणारं मिश्रण असतं, आज बहुधा लेड स्टिफनेटचं. फायरिंग पिन आदळली की मिश्रण वाटी आणि आतल्या छोट्या ऐरणीच्या मध्ये चिरडतं आणि ज्योत दारूपर्यंत पोचते.

ही कल्पना अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मगुरूची. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसली की पक्षी गोळी लागण्याआधीच उडून जात. त्यावर उपाय शोधून त्याने १८०७ मध्ये पेटंट घेतलं.

मग निवड कशाची?

अमेरिकेत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. तिथे मुख्य चार प्रकार मिळतात : लहान पिस्तूल, लहान रायफल, मोठं पिस्तूल, मोठी रायफल. लहान दोन्हींचा व्यास सुमारे ४.४ मिमी, मोठ्या दोन्हींचा सुमारे ५.३ मिमी. म्हणजे लहान पिस्तुलाचा प्रायमर लहान रायफलीच्या पुंगळीत अगदी नीट बसतो. गोची इथेच आहे!

रायफलीत दाब जास्त, म्हणून तिच्या प्रायमरची वाटी साधारणपणे जाड असते. रायफलीत पिस्तुलाचा प्रायमर घातला तर पातळ वाटी फुटून गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. उलट केलं तर पिस्तुलाची पिन जाड वाटीला पुरेसा ठोका देत नाही आणि बार होतच नाही. मोठ्या प्रकारात तर रायफलीचा प्रायमर उंचीलाही जास्त असतो. पिस्तुलाच्या पुंगळीत तो बाहेर डोकावतो.

काही रायफलींत पिनला मागे धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट बंद होताना पिन प्रायमरवर हलकी टेकते. वाटी फार नाजूक असेल तर चाप न ओढताच बार! १९६० च्या दशकात एम-१६ रायफलीत हा धोका दिसला, तेव्हा तिची पिन हलकी करावी लागली.

'मॅग्नम' प्रायमरची ज्योत मोठी असते. सावकाश जळणाऱ्या, भरपूर दारूसाठी तो असतो. नेहमीच्या जागी तोच घातला तर दाब वाढू शकतो. म्हणून जाणकार लोक छापील पुस्तिकेत दिलेलाच प्रायमर घेतात. तो बदलला तर दारूचं माप पुन्हा खालून सुरू करतात. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवतात, बरणीत कधीच ओतत नाहीत. एक पेटला तर सगळे पेटतात. शिशामुळे काम झाल्यावर हातही धुतात.

आपल्याकडे काय?

मुलांना हे स्पष्ट सांगा : भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. हा धडा समजण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

तासाच्या शेवटी मी विचारलं, "घरात असं काय आहे, जे बसतं पण चालत नाही?" उत्तरं भराभर आली. फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार. दुसऱ्याच चार्जरची पिन. कुकरला दुसऱ्या कंपनीची शिटी. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, तो म्हणाला, "सर, आमच्या मीटरच्या फ्यूजमध्ये जाड तार आहे. आज बाबांना सांगतो."

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात हा प्रश्न विचारून बघा. मुलांनी सांगितलेली एखादी वस्तू त्याच दिवशी बदलायची वेळ येईल.