गिरणीचा हिशेब

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत कधी ना कधी वहीत लिहिलेली आहे. आज बहुतेक आईवडिलांना ती उलटी खरी वाटते. माझ्या वडिलांनाही वाटते, आणि म्हणून तर त्यांनी मला कॉलेजात घातले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. परंतु ज्या धंद्याच्या जोरावर मी येथवर आले, तो धंदा कसा चालतो हे मात्र मला कॉलेजात आल्यावरच कळू लागले. लहान धंदा नीट चालवायचा तर काय काय पाहावे लागते, याचा विचार आमच्या पिठाच्या गिरणीच्या आधाराने येथे करणार आहे. घरचे आकडे छापण्यास अण्णांची परवानगी घेतली आहे, हे आधीच सांगते.

दिवाळीतली मोटर

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. भाड्याच्या दोन खणांत एक दगडी जात्याची गिरणी आणि तिला दहा अश्वशक्तीची मोटर. मी प्रथम वर्षाला होते, तेव्हा ऐन दिवाळीच्या आठवड्यात ती मोटर जळाली. तीन फेजवर चालणाऱ्या मोटरीचा एक फेज गेला आणि ती तशीच चालत राहिली, तर उरलेल्या दोन फेजवर भार येऊन तिचे वेटोळे तापते. अशा वेळी मोटर आपोआप बंद करणारे साधन मिळते. मोटरीच्या किमतीच्या मानाने ते अगदी किरकोळ असते. आमच्याकडे ते नव्हते.

भाजणीचे डबे ओळीने लागलेले होते. ते उचलून लोक दुसऱ्या गिरणीत गेले. वर्षातली सर्वांत मोठी कमाई आठ दिवसांत हातची गेली. नवी मोटर, स्टार्टर आणि बसवणावळ मिळून ३४,००० रुपये लागले. घरात ४,००० होते. उरलेले ३०,००० अण्णांनी ओळखीच्या एका माणसाकडून महिना शेकडा तीन रुपये व्याजाने आणले. त्या रात्री ते मला म्हणाले, ‘‘बाळ, यंदा थांब. पुढच्या वर्षी परत नाव घालू.’’

मी काही बोलले नाही. बोलली ती आई. तिची भिशी त्याच महिन्यात लागली होती. त्यातून माझा दुसऱ्या सत्राचा भरणा झाला. मी थांबले नाही, पण एक प्रश्न मनात राहिला. रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या आमच्या गिरणीत एका मोटरीपुरते पैसे का नव्हते?

घरचा गल्ला, गिरणीचा गल्ला

याचे पहिले कारण फार साधे निघाले. आमच्याकडे एकच पत्र्याचा डबा होता. दळणाचे पैसे त्यात पडत आणि भाजी, औषध, लग्नाचा आहेर, विजेचे बिल हे सगळे त्यातूनच जाई. दिवसाअखेर डब्यात नोटा दिसल्या की धंदा चांगला आणि नसल्या की मंदी, एवढाच आमचा ताळेबंद. पुढे लोक मोबाईलवरून पैसे देऊ लागले, तेव्हा तेही अण्णांच्या घरखर्चाच्याच खात्यात जाऊ लागले. डबा बदलला, पद्धत तीच राहिली.

इटलीतील लुका पाचिओली या गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत मांडून दाखविली. आपल्याकडच्या पेढ्यांवरही कीर्द आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात होती. या साऱ्यामागची मूळ कल्पना एकच आहे. धंदा हा मालकाहून वेगळा मानायचा. मालकाने गल्ल्यातून घेतलेला रुपयासुद्धा ‘मालकाची उचल’ म्हणून लिहायचा.

मी शंभर पानी वही आणली. रोज रात्री किती किलो दळण झाले, रोख किती, उधार किती आणि घरात किती नेले, असे चार रकाने भरू लागले. पहिले पंधरा दिवस अण्णा हसत होते. सोळाव्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारले, ‘‘काल किती झालं होतं गं?’’

एका किलोमागे काय उरते

वर्गात आम्हाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकविला, तेव्हा मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. वही तीन महिने लिहिल्यावर त्याचा अर्थ कळला.

त्या वेळी दळणाचा दर किलोला ६ रुपये होता. महिन्याला सरासरी ४,५०० किलो दळण होई. म्हणजे जमा २७,००० रुपये. आता खर्च पाहू. वीज, जात्याला टाकी लावणे, पट्टा आणि वंगण हे दळणाबरोबर वाढणारे खर्च. ते किलोला सुमारे १ रुपया पडत होते. म्हणजे किलोमागे ५ रुपये उरतात. दळण होवो वा न होवो, जागेचे भाडे २,५०० आणि विजेच्या बिलातला स्थिर आकार ५०० द्यावाच लागतो. त्यात यंत्राच्या झिजेपोटी १,००० धरले, म्हणजे स्थिर खर्च ४,००० झाला. तो भरून काढण्यास ८०० किलो दळण पुरते. उरलेले सारे आपले, असेच आम्ही समजत होतो.

परंतु आमच्या सरांनी ‘अव्यक्त खर्च’ शिकविताना सांगितले होते, की मालकाने स्वतःच्या श्रमाची मजुरी न धरता काढलेला नफा हा नफाच नव्हे. अण्णा दुसऱ्याच्या गिरणीत कामाला गेले असते तर १२,००० मिळाले असते. संध्याकाळी चार तास आई गिरणी सांभाळते, तिचे ४,००० धरले. आता स्थिर खर्च २०,००० झाला आणि ना नफा ना तोट्याची रेषा ४,००० किलोवर गेली. आमचे दळण ४,५००. म्हणजे खरा नफा ५०० किलोंचा, महिन्याला अवघे २,५०० रुपये. यात उसनवारीचे व्याज अजून धरलेलेच नाही.

हा आकडा मी अण्णांना दाखविला तेव्हा ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग आईच्या नावासमोरच्या ४,००० वर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे कधी लिहिलंच नव्हतं आपण.’’ गेली सोळा वर्षे ती तेथे बसते आहे. छोट्या धंद्याचा सर्वांत मोठा न लिहिलेला खर्च घरातल्या बाईचा असतो, असे मला वाटते.

घसारा म्हणजे काय

पुस्तकात घसाऱ्याची व्याख्या दोन ओळींची आहे. मी ती माझ्या शब्दांत देते: यंत्र रोज थोडे थोडे मरत असते आणि त्याच्या जागी नवे आणण्याचे पैसे रोज थोडे थोडे बाजूला ठेवावे लागतात. महिन्याला १,००० रुपये याप्रमाणे २ वर्षे १० महिने ठेवले असते, तर मोटरीचे ३४,००० जमले असते. आमची जुनी मोटर ११ वर्षे चालली. पैसे नव्हते असे नाही, ते झिजेचे आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही यंत्राचाच तुकडा रोज भाकरीबरोबर खात होतो.

लहान माणसाला एकदम हजार बाजूला काढणे जड जाते, रोजचे तीस-चाळीस जात नाहीत. हे ओळखूनच १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने, जिला पुढे सिंडिकेट बँक म्हणत, दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करण्याची पिग्मी योजना सुरू केली. आमच्या गावच्या पतसंस्थेचा पिग्मीवाला आता रोज गिरणीत येतो. त्याला चुकवायचे नाही, हा घरचा नियम आहे.

व्याजाचेही तसेच. ३०,००० वर दरमहा ९०० रुपये व्याज म्हणजे, किलोमागे ५ रुपये उरतात हे लक्षात घेता, १८० किलो दळण केवळ व्याजासाठी. मुद्दल जागच्या जागी. शेकडा तीन हा आकडा ऐकायला लहान वाटतो, सालाचे मोजले तर छत्तीस टक्के होतात. लहान व्यवसायांसाठी २०१५ पासून मुद्रा योजना आहे आणि तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळते. त्याची चौकशी आम्ही मोटर जळाल्यावर चार महिन्यांनी केली. कागद गोळा करण्यास तीन आठवडे लागले, परंतु वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपासच्या दराने कर्ज मिळाले आणि जुने देणे फिटले. घाईत घेतलेले कर्ज महाग पडते. घाई येण्यापूर्वी वाट माहीत असावी.

‘आज रोख, उद्या उधार’

ही पाटी गावोगावच्या दुकानांत असते. आमच्याकडेही होती आणि तिच्याच खाली बसून अण्णा उधारी देत. वहीत मांडली तेव्हा ती ४३ घरांकडे मिळून ११,४०० रुपये निघाली. अण्णांचे म्हणणे, ‘‘माणसं कुठं पळून चाललीत?’’ माणसे पळत नाहीत हे खरे, पण ती दुसऱ्या गिरणीत जातात. देणे थकलेला माणूस आपले तोंड चुकवितो आणि रोख घेऊन दुसरीकडे जातो. म्हणजे उधारीत पैसाही जातो आणि गिऱ्हाईकही.

आम्ही तीन नियम केले. एका घराची उधारी २०० च्या वर जाऊ द्यायची नाही. मजुरी हाती येते त्या बाजाराच्या दिवशी आठवण द्यायची. आणि आठवण एकट्याला द्यायची, चार माणसांत नाही. सात महिन्यांत ७,९०० वसूल झाले. दोन घरे तुटली. उरलेल्यापैकी काही रक्कम ‘बुडीत’ म्हणून लिहून टाकली. ते लिहिताना अण्णांना वाईट वाटले, परंतु न येणारा पैसा येणार म्हणून धरून चालणे हे त्याहून वाईट.

गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या मावश्यांचे दळण अण्णा फुकट देतात. ते बंद करा असे मी म्हटले नाही. वहीत ‘धर्मादाय’ असा पाचवा रकाना पाडला. दान करावे, पण ते किती केले हे ठाऊक असावे.

भाव वाढविण्याची भीती

तीन वर्षे दर ६ रुपयेच होता. वीज महागली, टाकीची मजुरी वाढली, तरी गिऱ्हाईक तुटेल म्हणून अण्णा थांबले होते. मी वहीत मांडून दाखविले. दर ७ केला तर किलोमागे ६ उरतील. तोच २,५०० चा नफा मिळण्यास ३,७५० किलो पुरतील. म्हणजे ७५० किलो दळण तुटले तरी आपण आहोत तेथेच राहू. पाडव्यापासून दर बदलला, महिनाभर आधी पाटी लावली. दळण ४,५०० वरून ४,३०० वर आले. नफा २,५०० वरून ५,८०० झाला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा हिशेब सर्वत्र असाच येईल असे नाही. जेथे शेजारी दुसरी गिरणी आहे, घरोघर घरघंटी आली आहे, तेथे २०० ऐवजी हजार किलो तुटू शकतात. म्हणून आधी आपली रेषा कोठे आहे ते काढावे, मग भावाला हात लावावा.

शेवटी माणूस

इतके आकडे मांडल्यावर असे वाटेल की धंदा म्हणजे केवळ गणित. तसे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. ते धीराने थांबले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, असे ठरविले. त्यातून लिज्जत उभे राहिले. धीर आणि शिस्त या दोन गोष्टी कोणत्याही वहीत लिहिता येत नाहीत. पण वही रोज लिहिली तर त्या हळूहळू येतात, असा माझा अनुभव आहे.

अण्णांकडून मी काय शिकले तेही सांगायला हवे. दळणात थोडी तूट येतेच आणि गिऱ्हाईकाला नेमकी तीच शंका असते. अण्णा डबा दळणापूर्वी आणि नंतरही त्याच्यासमोर वजन करतात. सोळा वर्षांत कोणी त्यांच्या काट्यावर बोट ठेवलेले नाही. ४,५०० किलो दळण येत होते ते यामुळे. माझ्या वहीत या भांडवलाला रकाना नाही, परंतु बाकीचे सर्व रकाने त्याच्यावर उभे आहेत.

‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ असे म्हणतात. मोटर जळाली तेव्हा आम्ही जात्यात होतो. आज सुपात आहोत, पण हसत बसण्याची ही वेळ नव्हे हे आता कळले आहे. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पानटपरी, शिलाई मशीन, दोन म्हशी किंवा भाजीची गाडी असेल. आईवडील तिच्यावर आपल्याला शिकवीत असतील. या सुट्टीत एक शंभर पानी वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसून पहिले पान लिहा. वर्गात शिकलेले पहिल्यांदा घरी उपयोगी पडलेले पाहण्यात जो आनंद आहे, तो परीक्षेच्या गुणांत नाही.

आमची वही आता अण्णा स्वतः लिहितात. अक्षर मोठे आहे, पण बेरीज चुकत नाही.